नमुना मुलीचा

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी आईची लघवी उकळायची. हे वाक्य मी आजवर दोन-तीनदाच कुणाला सांगितलंय आणि दर वेळी समोरच्याने हातातला कप खाली ठेवलाय. पण आहे ते आहे. ऐंशी सालाच्या पुढेमागे वाशीत नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर आमचं दीड खोलीचं घर होतं. ओट्याच्या डाव्या बाजूला वातीचा स्टोव्ह होता आणि उजव्या बाजूला बाबांची प्रयोगशाळा.

प्रयोगशाळा म्हणजे एक फळी. तिच्यावर लाकडी घोडी, घोडीत चार टेस्टट्यूब, शेजारी स्पिरिटचा दिवा, एक ड्रॉपर, एक लाकडी चिमटा आणि निळ्या द्रावणाची बाटली. टेस्टट्यूब बाबांच्या कारखान्यातल्या होत्या. काठाला टवका उडाला की तिथे त्या फेकून देत, म्हणून आमच्याकडच्या चारही टवका उडालेल्या. बाबा तुर्भ्याला कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. ते सांगत, "मी लॅबमध्ये असिस्टंट आहे." आई सांगे, "बाटल्या धुत्यात." दोन्ही खरं होतं.

पण रंगाची नजर मात्र बाबांना देवाने दिली होती. त्यांना नुसता लाल असा रंग दिसतच नसे. डाळिंबी, शेंदरी, कुंकवाचा, विटकरी, असलंच काहीतरी दिसे. इमारतीतल्या बायका ब्लाउजपीस घेऊन आमच्या दारात उभ्या राहत आणि बाबा साडी उजेडात धरून सांगत, "हे जुळणार नाही, साडीत पिवळट अंग आहे." बायका हिरमुसून परत जात आणि आई म्हणे, "आलीच होती बिचारी, तर द्यायचं हो म्हणून." बाबांना ते जमत नसे. रंगाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्या लेखी महापाप होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आईच्या पायाच्या अंगठ्याला लागलेलं दोन महिने बरं होईना, तेव्हा तिला मधुमेह निघाला. बाबांनी तो जणू आपल्यालाच मिळालेला हुद्दा असावा तसा अंगावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून फळी लागली. रोज सकाळी टेस्टट्यूबमध्ये निळं द्रावण घ्यायचं, दिव्यावर उकळायचं, त्यात आईच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे, पुन्हा उकळायचं आणि गार होऊ द्यायचं. साखर नसेल तर निळ्याचा निळा. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी. आणि फारच असेल तर विटकरी. शाळेच्या वहीएवढं एक रजिस्टर होतं, त्यात तारीख आणि रंग. दुसऱ्या कुणी पाच रंग लिहिले असते, बाबांच्या रजिस्टरात सोळा-सतरा होते. 'पोपटी, किंचित मळका' अशी नोंद मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे.

आता आईबद्दल. आई कोल्हापूरकडची, गुऱ्हाळाच्या गावची. लहानपणी रस आटवायच्या काहिलीशेजारी बसून ताजा गूळ खाल्लेली बाई. तिला साखर सोडायला सांगणं म्हणजे माशाला पाणी कमी पी म्हणण्यातला प्रकार. बाबांनी पथ्य सगळ्या घरालाच लावलं, म्हणजे तिला एकटं वाटायला नको. चहा बिनसाखरेचा, भाजी कारल्याची नाहीतर मेथीची, आणि वाढदिवसाला मला उकडलेलं अंडं. मी दहा वर्षांची होते आणि मला कसलाही रोग नव्हता, हे मी वारंवार निदर्शनास आणून दिलं. उपयोग झाला नाही.

आईने तांदळाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात बांधून गुळाचा खडा ठेवला होता. तांदूळ ती स्वतः काढायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. बाबांना वाटायचं तिला घराची किती काळजी आहे. गूळ आणून द्यायची ती आमची मासळीवाली मावशी. ती जुन्या गावातली, खाडीकाठची. डोक्यावर टोपली घेऊन तीन जिने चढायची आणि बोंबलांच्या खालून पुडी काढायची. त्या गुळाला वास यायचा. आईचं काही म्हणणं नव्हतं.

मग गणपती आले आणि गेले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी टेस्टट्यूब विटकरी झाली. बाबांनी ती खिडकीशी धरली, पुन्हा पाहिली, रजिस्टरात लिहिलं आणि डबा न घेता कामावर गेले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "अजून दोनदा असं आलं तर ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. इन्सुलिनच्या सुया चालू करतील." आणि जेवले नाहीत. ओरडले असते तर आईने चार शब्द ऐकवून विषय संपवला असता. न जेवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला अंथरुणातून ओढून मोरीत नेलं, ती रोज जिच्यात नमुना द्यायची ती औषधाची रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि कुजबुजली, "जरा कर की ह्यात."

"का?"

"कर म्हणतेय न्हवं? पोरीच्या जातीला किती ते प्रश्न!"

मी केली. बाटली बाबांकडे गेली. द्रावण उकळलं, आठ थेंब पडले, पुन्हा उकळलं. निळं. स्वच्छ, शाईसारखं निळं. बाबा टेस्टट्यूबकडे पाहतच राहिले. मग त्यांनी शर्ट घातला, डबा घेतला आणि शीळ घालत जिना उतरले. गाणंबिणं काही नाही, नुसती वर-खाली जाणारी शीळ. मी ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आई दारात उभी राहून ती ऐकू येईनाशी होईपर्यंत थांबली. मग तिने तांदळाच्या डब्यात हात घालून मला सुपारीएवढा गूळ दिला आणि स्वतः लिंबाएवढा घेतला.

इथून माझ्या मूत्राशयाला नोकरी लागली. रोज सकाळी सहाला दोन तांबे पाणी. आदल्या संध्याकाळी गूळ खायचा नाही, म्हणजे तिने खायचा, मी नाही. एकदा मी पहाटेच जाऊन आले, तर आई माझ्याकडे असं बघत होती, जणू घरचं दुभतं जनावर कुणी परस्पर पिळून नेलंय. एकदा मी दोन दिवस पनवेलला आत्याकडे जाणार होते, तेव्हा तिने माझ्याकडून दोन दिवसांची आगाऊ बेगमी करून घेतली आणि बाटली मोरीच्या खिडकीत ठेवली. त्या दोन दिवसांच्या नोंदी मी नंतर पाहिल्या. 'निळा. वास उग्र.' पुढे कंसात बाबांनी कारणही काढलं होतं: लसूण?

आणि बाबा शीळ घालत होते. कधीमधी रंग दिसला नाही तर संशय येईल, म्हणून आई महिन्यातून एकदा बाटलीत स्वतःचे दोन थेंब टाकायची. मग पोपटी यायचं. बाबा म्हणायचे, "काल काय खाल्लंस?" आणि ती खाली मान घालून म्हणायची, "अर्धं केळं." एवढी मुरलेली नटी वाशीच्या वसाहतीत वाया गेली.

या सगळ्यात ती वाळत चालली होती. ब्लाउज ढगळ झाले. माठ दिवसातून दोनदा भरावा लागायचा. बाबा खूश होते. "बघ, पथ्य कसं लागू पडलं. वजन उतरलं." मला दहाव्या वर्षी एवढंच कळत होतं की निळं चांगलं आणि आपल्याकडे निळं येतंय. कुणाचं निळं, हा प्रश्न हळूहळू माझ्याही डोक्यातून गेला. सवय वाईट असते.

फाल्गुनात इमारतीने पहिला सार्वजनिक सत्यनारायण घातला. शिरा झाला. केळं घालून, तूप सुटलेला शिरा. बाबा म्हणाले, "तू चिमूटभर घे." आई म्हणाली, "परसादाला चिमूट म्हनू नये, देव कोपतो." आणि तिने पहिल्यांदा आमच्या घराचा म्हणून द्रोण घेतला, मग शेजारीण आजारी आहे म्हणून तिच्या नावाचा घेतला, मग उरलेला वाया जाऊ नये म्हणून घेतला. शेजारीण अर्थात ठणठणीत होती आणि आमच्या मागेच रांगेत उभी होती. सगळे एकाच पिंपातून पाणी प्यायले, सगळ्यांनी एकाच पळीने तीर्थ घेतलं, आणि शिरा वाढणारे गृहस्थ पोट बरं नाही म्हणून मधूनमधून घरी जाऊन येत होते. आले की पुन्हा वाढायला लागत. सेवाभाव दांडगा.

दीड दिवसानंतर इमारत आडवी झाली. उलट्या आणि जुलाब. पाणी सकाळ-संध्याकाळ एकेक तास यायचं आणि घरात संडास एक. आमच्या घरात तीन माणसं आणि एक संडास, समोरच्यांकडे माणसं आठ. त्यांच्या दारातून येणारे आवाज ऐकून बाबा मला म्हणाले, "देवाने आपल्याला छोटं कुटुंब दिलं, आभार मान." मग ते घाईने आत गेले.

आमचा डॉक्टर मार्केटातल्या गाळ्यात बसायचा. तरुण होता, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्याने जिन्यात उभं राहूनच सगळ्यांना एकदम सांगितलं, "व्हायरस आहे. गोळीने मरत नाही, आपला आपण जातो. उकळलेलं पाणी प्या, हात धुवा, साखर-मीठ-पाणी घोटघोट घेत राहा. दोन-तीन दिवसांत मोकळे व्हाल." तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मी उठून बसले. तिसऱ्या दिवशी बाबा कामावर जायच्या गोष्टी करायला लागले. समोरचे आठही जण भात-ताक खायला लागले, त्यात ऐंशीची आजी होती.

आई मात्र उठेना. चौथा दिवस उजाडला तरी पाण्याचा घोट पोटात ठरेना. डोळे खोल गेले. जीभ कोरडी, ओठांची सालं निघाली. विचारलं तर उत्तर द्यायची, पण शब्द दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा उशिरा यायचा. मासळीवाली मावशी टोपली जिन्यातच टाकून आत आली, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाय, तू तं सुक्या बोंबलावानी झालीस. घे, नाचनीची पेज आनलीय." आईने दोन घोट घेतले आणि ओकली. मावशी तिथेच भुईवर बसून राहिली. त्या दिवशी तिने मासळी विकली नाही.

आणि आता ऐका माझी अक्कल. त्याही दिवशी सकाळी, आई अंथरुणातून हलू शकत नव्हती, बाबांनी बाटली तिच्या उशाशी ठेवली होती. आईने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मी गुपचूप बाटली उचलली, मोरीत गेले आणि भरून आणून दिली. दोन दिवस भात-ताकावर होते मी. निळं आलं नसतं तरच नवल. बाबांनी शीळ घातली नाही, पण रजिस्टरात 'निळा' लिहिलं आणि जरा हायसं झाल्यासारखे बसले.

दुपारी डॉक्टर आला. त्याने आईची नाडी पाहिली, कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमूट तशीच उभी राहिली. तो तिथेच उकिडवा बसला आणि चष्मा वर ढकलत बाबांना म्हणाला, "मला एक कळत नाही. ज्यांची साखर चढलेली असते त्यांचं असं होतं. पुस्तकात एवढं स्पष्ट लिहिलेलं नाही, मी पाहिलंय ते सांगतो. आतड्याच्या आतल्या अस्तराला वॉचमन समजा. आत कुणाला सोडायचं, कुणाला नाही, ते तो बघतो. रक्तात साखर फार दिवस चढलेली राहिली की वॉचमन पेंगतो. व्हायरस आत शिरतो तो शिरतो, वर मुक्काम करतो. दुसऱ्याला दोन दिवसांत सोडणारा आजार यांना सोडत नाही. पण वहिनींची साखर तर चढलेली नाही ना?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले आणि रजिस्टर पुढे केलं. "गणपतीपासून बघा. निळा, निळा, निळा. मधे पाच-सहा पोपटी. आज सकाळचासुद्धा निळा."

डॉक्टरने पानं चाळली. त्याच्या चेहऱ्यावर आदर आला. असं रजिस्टर त्याने कुठल्याच घरी पाहिलं नसावं. "मग उलटं झालंय," तो म्हणाला. "पोटात अन्न नाही आणि साखर उतरवायच्या गोळ्या चालू. साखर खाली गेलीय, म्हणून ग्लानी. ग्लुकोजची बाटली चढवतो, तासाभरात बोलायला लागतील." आणि त्याने बॅगेतून बाटली काढली. बाबा खिडकीच्या गजाला अडकवायला सुतळी शोधू लागले.

ग्लुकोज म्हणजे साखर हे मला माहीत होतं. शाळेत खेळाच्या दिवशी पुडा फोडून वाटायचे, मी अर्धा पुडा खाल्लेला होता. वॉचमनचं तर मला नको इतकं स्पष्ट कळलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याचकडे पाहत होती. शब्द उशिरा येणारी बाई, पण डोळ्यांनी तिने मला जागच्या जागी दाबून धरलं. बोलू नको. मान हलवायचीही ताकद नव्हती तिच्यात, तरी मला ती हललेली दिसली.

मला तेव्हा आईची जेवढी भीती वाटली तेवढी पुन्हा कशाचीच वाटली नाही. आणि ती मरेल याची भीती त्याहून एक सूतभर जास्त होती. तेवढ्यावर निभावलं.

"ती शू माझी आहे," मी म्हणाले.

बाबा सुतळीला गाठ मारत होते. "कुठली?"

"सकाळची."

"सकाळची तुझी?"

"सगळी," मी म्हणाले आणि भोकाड पसरलं. "गणपतीपासून सगळी माझीच आहे!"

डॉक्टरचा चष्मा पुरता घसरून नाकाच्या शेंड्यावर आला आणि त्याने तो वर केला नाही. मावशी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिला गुळाची पुडी आठवली असणार. बाबा हातात सुतळी घेऊन उभे होते. मला वाटलं आता फटका बसणार. त्यांनी सुतळी खिडकीत ठेवली, फळीशी गेले आणि दिवा पेटवला.

मावशीने आणि डॉक्टरने आईला आधार देऊन बसवलं. यावेळी बाटलीत जे आलं ते आईचंच होतं. बाबांनी द्रावण उकळलं. तीनच थेंब आत पडले, चौथा ओट्यावर सांडला. पण बाकीच्या थेंबांची गरजच पडली नाही. पुन्हा उकळायच्या आत टेस्टट्यूब विटकरी झाली, तळाशी गाळ बसला. बाबांनी ती उजेडात धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठल्याच रंगाचं अंग सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "लाल."

डॉक्टरने ग्लुकोजची बाटली बॅगेत परत ठेवली आणि साध्या मिठाच्या पाण्याची चढवली. "हे ठाण्याला पोचेपर्यंत. तिथे सुई लागेल. आत्ता निघा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू आधी का नाही सांगितलंस?" काय सांगणार? मला कुणी विचारलंच नव्हतं.

मावशी उठली. "माझे पोराचा टेम्पो खाली उभा हाय. बर्फ काडून टाकतो, गादी टाकू." आणि आई मासळीच्या टेम्पोतून ठाण्याला गेली. डोक्याशी बाबा सलाईनची बाटली उंच धरून, पायाशी मी, आणि आजूबाजूला रिकाम्या टोपल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांच्या रांगेपुढून जाताना बाबांचा कारखाना आला. सुटी झाली होती, माणसं फाटकातून बाहेर पडत होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बाटलीतला थेंब पडतोय की नाही तेवढंच बघत होते.

आठ दिवस लागले. सुया सुरू झाल्या, साखर उतरली, आणि साखर उतरली तशी पोटानेही हार मानली. आधी पाणी ठरलं, मग पेज, मग भात. पाचव्या दिवशी आईने मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं आता हिशेब चुकता होणार.

"चुगलखोर," ती म्हणाली. आवाजात दम नव्हता, पण राग ताजा होता. मग छताकडे बघत म्हणाली, "तुला वाटलं असंल, आई गुळासाठी करतीय."

"मग कशासाठी?"

"गुळासाठीबी," तिने कबूल केलं. "पण निळं आलं की तुझं बाबा शीळ घालायचं. लग्नाला बारा वर्सं झाली, त्यांना शीळ येती हे मला कुनी सांगितलं न्हवतं. एकदा ऐकली आन् मग दुसऱ्या दिवशी लाल कसं दाखवायचं? माझं मलाच धाडस हुईना."

त्या वयात मला हे कारण अगदी फालतू वाटलं. शीळ काय, कुणीही घालतं. आता मी स्वतः तिच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले आहे, रोज सकाळी बोटाला सुई टोचते, यंत्रात आकडा येतो. आकड्यात कसली शेड नसते, आणि तो पाहून शीळ घालणारंही कुणी नाही. आता ते कारण फालतू वाटत नाही.

घरी आल्यावर बाबांनी रजिस्टर काढलं. मला वाटलं पानं फाडतील. सहा महिन्यांचं खोटं, आणि तेही रंगाचं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, गणपतीनंतरच्या पहिल्या निळ्यापासून सत्यनारायणानंतरच्या शेवटच्या निळ्यापर्यंत समासात एक लांब कंस काढला आणि त्याच्या बाहेर बारीक अक्षरात लिहिलं: 'नमुना मुलीचा. मुलगी निरोगी.' मला एक शब्द बोलले नाहीत. आईलाही नाहीत. पण इमारतीत मात्र ते वॉचमनचं व्याख्यान द्यायला लागले. जो भेटेल त्याला, जिन्यात अडवून. "साखर चढली की वॉचमन पेंगतो आणि मग वाटेल तो आत शिरतो!" शेवटी आमच्या इमारतीचा खरा वॉचमन आमच्या दारात येऊन म्हणाला, "साहेब, मी कधी झोपलो ते सांगा, पण असं सगळ्यांसमोर नको." त्याची समजूत घालायला आईला अर्धा तास लागला.

गुळाचं फडकं आईने स्वतःच डब्यातून काढून माझ्या हातात ठेवलं. सुई ती स्वतः मांडीला टोचून घ्यायला शिकली, दात-ओठ खात, सुई बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आणि सकाळी ती बाटली घेऊन मोरीत गेली की बाबा दाराबाहेर उभे राहायचे, मला समोर बसवून. एकदा ती आतून ओरडली, "एवढा इस्वास नसंल तर आतच या की!" बाबा बाहेरच उभे राहिले. रंग हळूहळू उतरत गेला. विटकरी, नारिंगी, हळदी, लिंबाच्या सालीचा, पोपटी. आषाढभर पोपटीच होता. बाबा रंग लिहायचे, रजिस्टर मिटायचे आणि मुकाट्याने कामावर जायचे.

श्रावणापर्यंत पहारा सैल झाला होता, एका सकाळी मी अजून अंथरुणातच होते. बाबा फळीशी बराच वेळ उभे दिसले. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू आज मोरीत गेली होतीस?"

"नाही. मी उठलेच नाहीये अजून."

"शपथ?"

"तुमची शपथ."

ते टेस्टट्यूब घेऊन खिडकीशी गेले. पावसाळी उजेड होता, मळकट. तरी मला इथून दिसत होतं. निळं होतं. माझ्यासारखं स्वच्छ निळं नव्हतं, त्यात किंचित हिरवं अंग होतं, पण निळं होतं. आई मोरीच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. सहा महिने फुकटचं निळं मिरवलेली बाई, आणि आता खरं आलं तर चेहरा चोरासारखा.

"बघताय काय नुसतं?" ती म्हणाली. "घाला की आता शीळ."

बाबांनी ओठ गोल केले. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा केले, पुन्हा हवाच आली. ओठ थरथरत होते, ते गोल राहतच नव्हते. मग त्यांनी नाद सोडला, टेस्टट्यूब अगदी जपून घोडीत ठेवली, पेन उघडलं आणि रजिस्टरात तारीख घातली. ते कामावर गेल्यावर मी पाहिलं. रंगाच्या रकान्यात 'निळा' होतं, आणि त्याच्यापुढे, जिथे एरवी शेडचं वर्णन असायचं, तिथे लिहिलं होतं: 'नमुना हिचाच.'